लाडकीतली पाटी

सांता एदुविखेस वसाहत
१४ जानेवारी १९६२

एवेल्या,

वाचायच्या आधी हे पत्र नाकाला लाव. कसला वास येतोय का? येणार नाही. वीस वर्षांत पहिल्यांदाच माझं पत्र गंधकाची धुरी न खाता निघालंय. इथल्या पोस्टातली धुरीची खोली गेल्या सोमवारी कायमची बंद झाली. पोस्टमास्तर दारात उभा राहून म्हणाला, "बाई, आता तुम्ही लिहायचं आणि मी शिक्का मारायचा. मध्ये कुणी नाही." मी म्हटलं, "मग शिक्का जरा सरळ मारायला शिका."

तू पेपरात सायकल शर्यतीच्या पानापलीकडे काही वाचत नाहीस, म्हणून सांगते. महारोग्यांना कोंडून ठेवायचा कायदा रद्द झाला. ज्याचा आजार दुसऱ्याला लागत नाही असं डॉक्टरने लेखी दिलंय, त्याला बस, आगगाडी, बोट, कशातही चारचौघांसारखं बसता येईल, असं आता छापील आहे. तसा कागद माझ्या पेटीत चार वर्षांपासून पडून आहे. सहा वेळा तपासलं, सहाही वेळा काही सापडलं नाही. पण तेव्हा त्या कागदावर फाटकाबाहेर पाऊल टाकता येत नव्हतं. शिवाय मला नागरिकाचं ओळखपत्र मिळालंय. फोटोत मी कोंबडीचोर दिसते, पण खाली चक्क नाव आहे: एर्मेलिंदा ओसा, वय एकेचाळीस. इतकी वर्षं मी रजिस्टरातला आकडा होते.

तर ऐक. एकोणीस मार्चला सान होसेचा सण, म्हणजे आपल्या आईचा, होसेफाबाईंचा, नावाच्या संताचा दिवस, आणि यंदा ती ऐंशीची होते. मी दोन आठवड्यांसाठी येतेय. आन्सेल्मोही म्हणाला, जा. (हा तुझा न पाहिलेला मेहुणा. इथल्या बेकरीत असतो आणि माझ्यापेक्षा शहाणा आहे.) सतरा तारखेला, शनिवारी दुपारी मी आगगाडीने बोकेरोन स्टेशनवर उतरेन आणि तिथून वर मोन्तेफ्रेस्कोला तुझ्या बसने. शनिवार म्हणजे बाजाराचा दिवस, बस खच्चून भरलेली असेल. तशीच हवी. मला तिकीट काढून लोकांत बसून घरी यायचंय.

तुझी थोरली,
एर्मेलिंदा

---

मोन्तेफ्रेस्को
२८ जानेवारी १९६२

एर्मेलिंदाताई,

तुझ्या भावजयीने, नोहेलियाने, तुझं पत्र तीनदा हुंगलं, म्हणाली, "अहो, नुसता कागदाचा वास!" आणि पदर नसल्यामुळे माझ्या शर्टाला डोळे पुसले. मी रडलो नाही. मी गाडी धुवायला गेलो.

माझी बस, लाडकी, तुला बघायचीच आहे. फोटोत काय कळणार? पिवळा, लाल, निळा, हिरवा, एक रंग सोडला नाही. सहा बाक, सगळे अस्सल देवदाराचे. मागच्या फळ्यांवर कार्मेनची माता, आम्हा ड्रायव्हरांची पाठराखीण. तिच्या कडेवर बाळ, पायाशी माझी गाडी आणि गाडीत मी. रंगाऱ्याने मिशा जरा कमी काढल्यात, त्याला परत बोलावणार आहे. या खोऱ्यात अशी दुसरी बस नाही. मी म्हणत नाही, लोक म्हणतात. नाही म्हटलं तर मी म्हणायला लावतो.

पण ताई, शनिवार कशाला? धक्काबुक्की, कोंबड्यांच्या टोपल्या, डुकरं. तू शुक्रवारी ये. शुक्रवारी मला फेरी नसते. रिकामी गाडी घेऊन मी स्टेशनवर हजर राहीन. अख्खी लाडकी तुझ्या एकटीची! राणीसारखी बस.

आई तुझ्यासाठी मक्याचा दाणा निवडायला बसलीय. मार्चला अजून अवकाश आहे म्हटलं तर माझ्यावरच खेकसली.

तुझा,
एवेलियो

---

सांता एदुविखेस
६ फेब्रुवारी १९६२

एवेलियो,

राणीसारखी म्हणे! रिकाम्या गाडीतून राण्या नाही नेत, प्रेतं नेतात.

तू तेव्हा सतरा वर्षांचा होतास, तरी तुला पुन्हा आठवण करून द्यावी लागणार असं दिसतंय. बाबांनी नवी बस घेतली होती आणि सरकारी नियमाप्रमाणे आत पाटी लावायची होती. गावात माझं अक्षर सगळ्यांत चांगलं, म्हणून ब्रश माझ्या हातात आला. सगळ्यांत वर, सगळ्यांत मोठ्या अक्षरात 'महारोग'. खाली देवी, टायफस, गोवर, कांजिण्या. आणि मग, 'यांपैकी कोणताही आजार असणाऱ्याने या गाडीत चढू नये. ड्रायव्हरने चढू देऊ नये.' भोवती मी जास्वंदीची वेलबुट्टी काढली, कारण नुसती बंदी फार भकास दिसत होती. फळी बॉनेटवर ठेवून ती काढताना माझं कोपर तापलेल्या पत्र्यावर टेकलं होतं. कातडी जळल्याचा वास बाबांना आला आणि ते धावत आले. मला दुखतसुद्धा नव्हतं. तिथून पुढचं तुला ठाऊक आहे.

मला न्यायचं ठरलं त्या सकाळी बाबा म्हणाले, "गाडीत बस, पोरी. कोण बघतंय?" मी म्हटलं, पाटी बघतेय. माझ्याच हाताने लिहिलेलं मीच कसं मोडू? बोकेरोनपर्यंत चौदा किलोमीटर मी चालत उतरले. आणि बाबा रिकामी बस माझ्यामागून पहिल्या गिअरमध्ये आणत राहिले, पार स्टेशनपर्यंत. एकदाही भोंगा वाजवला नाही. तू टपावर बसला होतास. मी वळून बघितलं नाही, पण तुझं नाक ओढणं मला ऐकू येत होतं.

नियम माझ्या विरुद्ध होता तेव्हा मी तो पाळला. आता तो माझ्या बाजूने झालाय, तर आताही पाळणार, आणि भरल्या गाडीत पाळणार. तुला लाज वाटत असेल तर तसं स्पष्ट लिही. मी खेचर भाड्याने घेईन.

एर्मेलिंदा

---

मोन्तेफ्रेस्को
२० फेब्रुवारी १९६२

ताई,

तुझं पत्र वाचून मला थोबाडीत बसल्यासारखं झालं, आणि ती मला हवीच होती. पण लाज नाही गं. भीती वाटते. सगळं सांगतो.

औषधवाल्याची विधवा रोसाल्बाबाई तुला आठवते? तिला कुणीतरी सांगितलं की तू येतेयस. देवळाच्या पायरीवर सगळ्यांदेखत मला म्हणाली, "एवेलियो, ती ज्या दिवशी त्या गाडीत चढेल त्या दिवशी मी उतरेन, आणि माझ्यामागे अर्धी गाडी उतरेल." ती उतरली तर उतरू दे. पण तू बसल्यावर तुझ्या शेजारचे लोक एकेक करून उठताना मला आरशात बघायला लागलं तर? ते मला बघवणार नाही, म्हणून शुक्रवार.

दुसरं त्याहून अवघड आहे. ती पाटी अजून गाडीत आहे. बाबांची गाडी मोडीत निघाली तेव्हा मी त्यातून तेवढीच एक फळी काढून घेतली आणि लाडकीत माझ्या पाठीमागे, दुसऱ्या बाकासमोर ठोकली. जानेवारीत इन्स्पेक्टर म्हणाला, "कायदा बदलला, हे काढा." मी म्हटलं, काढतो साहेब. काढली नाही. तुझ्या हातचं आमच्याकडे दुसरं आहे काय? तुझी पत्रं तर धुरीने इतकी कुरकुरीत होऊन यायची की दुसऱ्यांदा उघडली की घडीवर तुटायची. आणि आता रोसाल्बाबाई त्याच पाटीकडे बोट दाखवून म्हणते, बघा, लिहिलेलं आहे. तुझ्याच अक्षरांनी तुला खाली उतरवावं, हे मी कसं होऊ देऊ?

पाटीचं आणखीही एक आहे. ते समोरासमोर सांगेन, कागदावर जमत नाही.

तरी तू म्हणतेस तर शनिवारीच ये. तिकीट काढ. गाडी मी चालवणार, मग बघू कोण उतरतंय.

एवेलियो

---

सांता एदुविखेस
३ मार्च १९६२

एवेल्या,

तुला लाज वाटते असं लिहिलं ते मागे घेते. बाकीचं घेत नाही.

पाटीला हात लावू नकोस. जिने लिहिली ती बघून घेईल. रंगाचे चार डबे आणि ब्रश बरोबर आणतेय. इथल्या प्रत्येक दुकानावरची पाटी माझ्या हातची आहे, शाळेतली निम्मी पोरं माझ्याकडे अक्षर गिरवतात. वीस वर्षांत हात बिघडलेला नाही, सुधारलाय.

ताई

---

तार
मोन्तेफ्रेस्को, १४ मार्च

धाकट्या पोराकडून मला कांजिण्या. डॉक्टरने मागच्या खोलीत कोंडलं. गाडीला हात लावायची बंदी. फेरी तुलियो मारेल. येणं पुढे ढकल. एवेलियो

तार
सांता एदुविखेस, १५ मार्च

ढकलत नाही. खाजवू नकोस. एर्मेलिंदा

---

आईच्या घरून
१८ मार्च १९६२

एवेल्या,

समोरच्या खिडकीतून हात करणारा, अंगभर पांढरं मलम फासलेला तो भोपळा तूच का? आई म्हणते तिच्या एका मुलीला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या, पण ती मी की आपली एवान्खेलिना हे तिला आठवत नाही. तेव्हा डॉक्टर सोडेपर्यंत मी तुझा उंबरा ओलांडणार नाही. नियम म्हणजे नियम. हे पत्र नोहेलियाच्या हाती देतेय. कालची हकीकत ऐक.

तुझा मेहुणा तुलियो स्टेशनबाहेर लाडकीपाशी उभा होता आणि मला बघून त्याने छातीवर क्रूस काढला, जसा काही मीच घाटातला कडा. गाडी भरलेली. मी खिडकीवर तिकीट काढलं, ते तुलियोला दिलं, त्याने फाडलं, आणि मी दुसऱ्या बाकावर जाऊन बसले, बरोब्बर पाटीसमोर. लाडकी सुंदर आहे, एवेल्या. मिशा खरंच कमी आहेत.

माझ्या बाकावरचे लोक थोडे सरकले, ते जागा द्यायला की जागा सोडायला हे मी विचारलं नाही. मग मागून आवाज आला, "तुलियो! हिला उतरव. पाटी वाच!" काळा झगा, देवळात जायचे टाचेचे बूट, तीच रोसाल्बाबाई. तुलियो पाटी वाचायला लागला, जशी ती त्याला आजच दिसली.

मी उठून उभी राहिले. म्हटलं, "त्याला कशाला त्रास देता, बाई? मी पाठ म्हणून दाखवते. मीच लिहिलीय." आणि म्हणून दाखवली, पहिल्या शब्दापासून. "यातला पहिला शब्द सरकारने पुसला. हा माझा डॉक्टरचा कागद, ज्याला वाचायचाय त्याने वाचा. बाकीची पाटी अजून लागू आहे. शेवटचा आजार कोणता? कांजिण्या. म्हणजे आज या गाडीत कुणाला चढायची बंदी असेल, तर ती हिच्या मालकाला!"

मांडीवर डुकराचं पिल्लू घेतलेला एक म्हातारा पहिला हसला. मग पिल्लू ओरडलं. मग सगळी गाडी.

रोसाल्बाबाई उतरली. बोलली तशी वागली, त्याबद्दल माझ्या मनात तिला मान आहे. पण तिच्यामागे कुणी उतरलं नाही. ती पिशवी घेऊन तरातरा चढावाला लागली. तुलियो खूश होऊन गाडी दामटायला निघाला, तेव्हा मी म्हटलं, "तुलियो, पहिला गिअर. बाईंच्या मागे मागे चल."

"मागे? अहो ताई, रात्र होईल पोहोचायला!"

"होऊ दे. आमच्या घरची गाडी चालत्या बाईला रस्त्यात टाकून जात नाही. भोंगा वाजवायचा नाही."

आणि एवेल्या, गाडीतल्या एकानेही हूं की चूं केलं नाही. म्हाताऱ्यांना आठवत होतं. मी आत बसून होते आणि पुढे एक बाई चालत होती, आणि बाबांना त्या सकाळी काचेतून काय दिसत होतं ते मला काल पहिल्यांदा कळलं. मी फार रडले. डुकरवाल्याने मला रुमाल दिला. त्याला डुकराचा वास होता, पण दिला.

दुसऱ्या वळणावरच्या क्रुसापाशी ती थांबली. बूट हातात होते. गाडीकडे न बघता म्हणाली, "जागा आहे का?" मी सरकले. ती शेजारी बसली. पाटीकडे बघून म्हणाली, "ही जास्वंद तू काढलीस?"

"हो."

"पानं जास्वंदीची नाहीत."

बघितलं तर खरंच नाहीत.

चौकात आई उभी होती. तिचे डोळे इतके गढुळलेत हे तू मला कधी लिहिलं नाहीस, त्याचा हिशोब नंतर. तिने माझं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं आणि म्हणाली, "उशीर झाला गं गाडीला." मी म्हटलं, "हो आई, वाटेत थांबावं लागलं."

उद्या सण. परवापासून पाटीला हात घालते. वरचा शब्द खरवडून तिथे एक फूल काढीन म्हणते.

ताई

---

मागची खोली
१९ मार्च १९६२

ताई,

हे पत्र नोहेलियाने मक्याच्या भाकरीच्या तव्यावर भाजून पाठवलंय, म्हणून कडा करपल्यात. डॉक्टरने असं काही सांगितलं नव्हतं, तिची स्वतःची कल्पना. तुझी वीस वर्षांची पत्रं आठवली आणि मी तिला भाजू दिलं.

तुझी हकीकत मी चारदा वाचली. मी पलंगावर उभा राहून ओरडलो. लाडकीचा मालक मी, आणि तिचा सगळ्यांत मोठा दिवस मी खोलीत खाजवत काढला! पण छाती अशी फुगलीय की फोडांना जागा पुरत नाही.

आता फूल काढायच्या आधी ऐक. समोरासमोर सांगणार होतो ते हे.

तू गेल्यावर आईने बाबांना विचारलं होतं, "रंगारी पाटीवर आपलं नाव टाकतात ना? तिचं नाव कुठाय?" तू नाव टाकलंच नव्हतंस. आईला वाचता येत नाही. बाबांनी आईचा हात धरला आणि पाटीवरच्या सगळ्यांत मोठ्या शब्दावर ठेवला. म्हणाले, "हे बघ. एर्मेलिंदा."

तेव्हापासून आई गाडीत चढली की आधी त्या शब्दावर बोट ठेवते आणि मग बोट ओठांना लावते. प्रत्येक वेळी. देवाघरी जाताना बाबांनी मला शपथ घातली, तिला सांगू नकोस. मी पाटी लाडकीत बसवली तेव्हा वाटलं होतं, तो शब्द रंगवून टाकावा. पण मग तिने बोट कुठे ठेवलं असतं? चौदा वर्षं मी गाडी चालवतोय आणि माझ्या पाठीमागे आई त्या शब्दाचे मुके घेतेय. आरशात ते बघून माझा चेहरा पडतो, आणि लोकांना वाटतं, ड्रायव्हरला रस्त्याची भीती वाटते.

इन्स्पेक्टरला हे कसं सांगणार होतो? आता तू ठरव.

एवेलियो

---

आईच्या घरून
२३ मार्च १९६२

एवेल्या,

तुझं करपलेलं पत्र मला सणाच्या दिवशी, तोंडात आईच्या हातचा घास असताना मिळालं. तो गिळायला मला फार वेळ लागला. आईने विचारलं, "मका चिवट झालाय का?" मी म्हटलं, नाही.

दोन दिवस मी लाडकीत नुसती बसून राहिले. ब्रश डब्यात वाळत होता. बाबांवर रागावू की त्यांच्या पाया पडू, हे ठरेना. शेवटी ठरवलं की बाबांना खोटं ठरू द्यायचं नाही.

तो शब्द मी पार लाकडापर्यंत खरवडला. मग त्याच जागी, तितक्याच उंचीच्या, तितक्याच जाडीच्या अक्षरांत माझं नाव लिहिलं. सोनेरी रंग होता, तो सगळा तिथेच संपला. खालची आजारांची यादी ठेवलीय, कारण नियम हवाच, तुझ्यासारखे फोडवाले गाडीत नकोत. यादीखाली आता असं आहे: 'ज्याला डॉक्टरने मनाई केली आहे त्याने चढू नये. ज्याला मनाई नाही त्याला कुणी उतरवू नये.' आणि जास्वंदीची पानं सुधारली. रोसाल्बाबाई येऊन बघून गेली. म्हणाली, "आता बरी आहेत." तिच्या तोंडून एवढं पुष्कळ झालं.

बोकेरोनच्या तिघा ड्रायव्हरांनी अशाच पाट्या मागितल्यात. मी म्हटलं, मजकूर तोच देईन, नाव मात्र फक्त लाडकीत.

डॉक्टर तुला गुरुवारी सोडणार म्हणे. मी पुढच्या शनिवारी परत जाईन, आन्सेल्मोने बेकरीत काय घोळ घातलाय कोण जाणे. खाली स्टेशनवर तू सोडायचंस, भरल्या गाडीतून, आणि वाटेत हवा तितका भोंगा वाजव.

आज सकाळी आईला देवळात न्यायला तुलियोने गाडी दारात आणली. तिला मी काही सांगितलं नव्हतं. तिने बाकाला धरून स्वतःला वर ओढलं, नेहमीसारखं चाचपत बोट पुढे केलं आणि ठेवलं. मग थबकली. रंग अजून ओला होता, बोटाला लागला. मी घासलेटचा बोळा घेऊन पुसायला गेले, तर तिने हात मागे घेतला.

"राहू दे," म्हणाली. "माझ्या मुलीचं नाव आहे ते."

तुझी,
एर्मेलिंदा ओसा